सारस दुसरी जोडी करत नाही

"सर, आपका सारस तो जोडी में है!"

हे वाक्य दुर्गेशनं गोंदियाच्या भाजीबाजारात, शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, स्कूटरवर बसल्या बसल्या एक पाय जमिनीला टेकवून उच्चारलं. ठिकाण आणि वेळ मी मुद्दाम सांगतो. चौतीस वर्षं मी सहावी-सातवीच्या मुलांना मराठी शिकवलं आणि दरवर्षी फळ्यावर चार रकाने आखून तथ्य, मत, सत्य, असत्य असा संसार मांडला. जे दाखवता येतं, ज्याला ठिकाण आणि वेळ असते, ते तथ्य. दुर्गेश याच वर्गातून गेलेला. तेव्हा त्याला पट्टीनंसुद्धा सरळ रकाना आखता येत नसे. आता त्याचं मोबाईलचं दुकान आहे, आणि उन्हाळा संपता संपता जी मंडळी जिल्ह्यातले सारस मोजतात त्यांच्यात तो पहाटे जाऊन बसतो. माझ्या हातात त्या वेळी निवडलेल्या हिरव्या मिरच्या होत्या. त्या मी परत ढिगावर ओतल्या. "क्या हुआ गुरुजी, तीखी नहीं लगी क्या?" भाजीवालीनं विचारलं. मी दुर्गेशला म्हणालो, "शक्य नाही." तो म्हणाला, "मैंने खुद देखा सर. नागऱ्याच्या पुढं, तुमच्या शेताजवळच्या बोडीवर. दोन." मी म्हणालो, "दुसरेच कोणतेतरी दोन असतील." तो हसला. "दोन तो दोन ही होते हैं ना सर. उद्या गणती आहे, पाच बजे निकलूंगा. येता का?" आणि तो गर्दीतून निघून गेला. मी मात्र तिथंच उभा राहिलो. मागून एक बाई पिशवीनं ढकलत होती, पलीकडे एक माणूस आंब्यांच्या गोडीबद्दल छातीठोक मतं ओरडत होता, आणि मी रिकाम्या पिशवीची घडी घालत होतो. मला भीती वाटली होती. नंतर तिचं काय झालं ते पुढं सांगेनच, पण तेव्हा ती भीतीच होती, हे लिहून ठेवलं पाहिजे.

भीती वाटायचं कारण असं की त्या सारसावर माझं बरंच काही उभं होतं. नागरा गावाच्या पुढं आमची भाताची थोडी शेती आहे. पुतण्या योगराज ती करतो. शेताला लागून एक बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं, आणि तिच्या काठी माझ्या आठवणीपासून सारसाची जोडी असायची. माणसाच्या खांद्याइतके उंच, राखाडी अंगाचे, तांबड्या मानेचे. आमच्या घरची एक रीत होती. लग्न करून आलेल्या नवरानवरीनं घरात पाऊल टाकायच्या आधी बोडीच्या पाळीवर जायचं आणि त्या जोडीच्या दिशेनं ओंजळभर धान टाकायचं. सारस एकदाच जोडी करतो, एक गेला की दुसरा अन्नपाणी सोडतो, असं आजा सांगायचा, बाप सांगायचा, पुढं मी वर्गात सांगू लागलो. तथ्याचं उदाहरण म्हणून! 'सारस दुसरी जोडी करत नाही.' हे वाक्य मी किती वर्गांच्या वह्यांत उतरवून घेतलं असेल. परीक्षेत एका मुलानं ते मताच्या रकान्यात घातलं, तर त्याचा मी गुण कापला होता. चार वर्षांपूर्वी श्रावणात गीता गेली, माझी बायको. त्याच दिवाळीत बोडीवरचा एक सारस विजेच्या तारेला लागून मेला. दुसरा उरला. मी पाळीवर जाऊन त्याला पाहिलं होतं. तो चिखलात चोच घालत होता, मध्येच मान वर करून ओरडत होता आणि मग थांबून ऐकत होता. मी तिथंच खाली बसलो आणि ढसाढसा रडलो, गीताच्या दहाव्यालासुद्धा रडलो नव्हतो इतका. तेव्हापासून तो आणि मी एका वर्गातले झालो. तो लवकरच मरेल असं गाव म्हणायचं. मी जायचं सोडलं, कारण तो मेलेला मला पाहायचा नव्हता, आणि दर रविवारी योगराजला फोन करायचो. "आहे का रे?" "आहे जी काकाजी." "एकटाच?" "एकटाच." मग मला हायसं वाटायचं. आता लिहितानाही लाज वाटते, पण हायसंच वाटायचं.

बाजारातून मी रिकाम्या पिशवीनं निघालो. मिलच्या बाजूनं उकडलेल्या धानाचा वास येत होता. गोंदियात राहणाऱ्याला तो वास येत नाही म्हणतात, पण त्या दिवशी मला आला. हवा अंगाला चिकटत होती. रेल्वेच्या पुलावर चढताना मी स्वतःशी वाद घालत होतो, आणि वादात मी नेहमीच जिंकतो, समोर कोणी नसेल तर जास्तच. दुर्गेश म्हणजे उतावळा. त्याला अंतरावरून काय दिसणार? दुसरी जोडी पाणी प्यायला उतरली असेल. माझा सारस बाजूला कुठंतरी उभा असेल, एकटा, शहाण्यासारखा. पुलाखालून एक मालगाडी जात होती, संपतच नव्हती, आणि मी डबे मोजू लागलो, कारण मोजणं चालू असलं की मन गप्प बसतं. आज ते बसलं नाही. कारण मनात सारस नव्हताच. मनात प्रेमिलाबाई होत्या.

प्रेमिलाबाई आमच्या गल्लीत समोरच्या खोलीत भाड्यानं राहतात. आरोग्य केंद्रात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांपूर्वी इथं आल्या. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. पहिल्याच आठवड्यात सकाळी पेपर मागायला आल्या आणि मी लाल पेनानं बातम्या तपासत बसलेला पाहून दारातच थांबल्या. "हे का करून राहिले जी गुरुजी?" मी सांगितलं, जे सिद्ध होतं त्याच्यापुढं त, ज्याला पुरावा नाही त्याच्यापुढं म, आणि धडधडीत खोट्यापुढं फुली. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "जाहिरातीपासून सुरू करा. तिथं फुल्या जास्त भेटतीन." तेव्हापासून रोज साडेसात ते साडेआठ आमचा हा उद्योग. त्यांचे निकाल माझ्यापेक्षा कडक. एका नेत्याच्या भाषणाच्या बातमीवर त्यांनी एकच मोठी फुली मारली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्यांनी खिडकी उघडली. चहा मी करायचो. मला साखरेचा आजार आहे, त्यामुळं साखर नाही. उलट आलं भरपूर. रोज पहिल्या घोटाला त्या म्हणायच्या, "चहा चांगला झाला." तीन वर्षांत एक दिवस खंड नाही. पिणाऱ्यानंच सांगितलेलं, म्हणून मी ते तथ्यात धरत आलो होतो.

बुधवारी त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. पेपरच्या कडेच्या कोऱ्या जागेत काहीतरी लिहिलं आणि पेपर माझ्याकडे सरकवला. नर्सचं अक्षर, घाईतही वाचता येणारं. 'प्रेमिलाने केवळरामसोबत राहावे.' केवळराम म्हणजे मी. "कोणता रकाना?" त्यांनी विचारलं. त्या हसत नव्हत्या. मग म्हणाल्या, "खोली सोडून राहिली मी. भाऊ ऐतवारी बालाघाटले न्यायले येते. घुमवून बोलता येत नाही मले. तुमच्या मनात असन तं सांगा, नसन तं तेही सांगा." इतकं साधं. माझी मुलगी रीता नागपूरला असते. तिनंच दोन महिन्यांपूर्वी फोनवर म्हटलं होतं, "बाबा, प्रेमिलामावशींना विचारा ना, किती दिवस पेपरच वाचणार आहात?" म्हणजे तीही वाट अडवून बसलेली नव्हती. आणि मी काय केलं? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "सारस दुसरी जोडी करत नाही. हे तथ्य आहे." वर्गात म्हणायचो त्याच आवाजात. प्रेमिलाबाईंनी कप खाली ठेवला. चहा अर्धा उरला होता. पेपरची घडी घातली, पेन तिच्यावर ठेवलं, आणि गल्ली ओलांडून गेल्या. गुरुवारी आल्या नाहीत. शुक्रवारी मी दोन कप चहा केला आणि दोन्ही प्यायलो. तो कडेचा कागद मी फाडून चष्म्याच्या डबीत ठेवला होता. का ठेवला, ते मला विचारू नका.

घरी आलो तेव्हा त्यांच्या दारात पत्र्याची ट्रंक बाहेर काढून ठेवली होती. तिच्यावर निळ्या रंगात त्यांचं नाव आणि त्याखाली कुठल्याशा आरोग्य केंद्राचं अर्धवट पुसलेलं नाव. मी कुलूप काढायला जास्तच वेळ लावला. आतून भांडी गुंडाळल्याचा आवाज येत होता. मला ओलांडायची होती दहा पावलांची गल्ली. पण काय सांगायचं होतं? सारस जोडीत असल्याची ऐकीव बातमी? आणि बातमी खरी निघाली तर माझ्याजवळ उरणार काय होतं? इथं मला पहिल्यांदा दिसलं की मी बाजारात का घाबरलो होतो. सारस जर दुसरी जोडी करत असेल, तर मला ठरवावं लागेल. इतके दिवस ठरवलेलं होतं, माझ्यासाठी, एका पक्ष्यानं. गल्लीतले लोक काय म्हणतील, शाळेतले जुने सहकारी चहाच्या टपरीवर काय टाळ्या देतील, या वयात उशाला दुसरी उशी आली तर गीताच्या फोटोकडे कसं बघायचं, या सगळ्या लहान लहान धास्त्यांवर मी तो मोठा राखाडी पक्षी उभा केला होता. झाकायला पुरेसा उंच होता. त्या रात्री मला झोप लागली नाही हे तथ्य. उकाड्यामुळं लागली नाही असं मी सकाळी दुर्गेशला सांगितलं, ते खोटं.

दुर्गेशच्या मागे स्कूटरवर बसून मी निघालो तेव्हा पाच वाजले होते. नागऱ्याच्या देवळाचा कळस उजेडाआधीच दिसला. देवळाशी दुर्गेशनं हात कपाळाला लावला, मी लावला नाही, मग चालत्या गाडीवरच मागे वळून लावला. शेताशी योगराज उभा होता, टॉवेल डोक्याला बांधून. मला पाहून त्याचा चेहरा पडला. "काकाजी! तुमी कायले आले इतक्या पायटे?" मी म्हणालो, "सारस पाहायला." तो दुर्गेशकडे पाहू लागला, दुर्गेश पाण्याकडे. आम्ही पाळीवर चढलो. उन्हाळी धान कापून झालेलं, धसकटं उभी, बोडीत पाणी मध्येच थोडं उरलेलं आणि कडेला चिखल वाळून भेगाळलेला. अजून रंग आले नव्हते. दुर्गेशनं दुर्बीण काढली, छापील कागद मांडीवर घेतला. सारस मोजताना बोलायचं नसतं. मी तिथं बसून राहिलो आणि माझ्या उजव्या गुडघ्याखाली एक खडा टोचत होता, तो काढावा असंही वाटलं नाही. मग उजाडलं, आणि ते तिथं होते. समोरच्या काठावर. आधी एक, आणि मी ज्याला झुडूप समजत होतो तो दुसरा.

योगराज माझ्या कानाशी पुटपुटला, "डाव्या पायानं जरासा दबकून चालून राहिला तो. पाहा. तोच हाय जी, आपला." मी दुर्गेशला विचारलं, तोच का? दुर्गेशनं दुर्बीण खाली घेतली. "सर, पायात ओळखायची अंगठी नाही, कैसे बोलूं? आम्ही फक्त आकडा लिहितो." त्यानं लिहिलं, पाच चाळीस, दोन. काय शिस्त! वर्गात याला रकाना आखता येत नव्हता. मी योगराजला विचारलं, "कधीपासून आहे हा जोडीत?" योगराजनं टॉवेल सोडला, परत बांधला. "मागच्या सालच्या पऱ्ह्यांपासून." म्हणजे धानाची रोपं टाकतात तेव्हापासून, वर्ष होत आलेलं. "अरे, पण दर रविवारी तू मला एकटाच म्हणून सांगत होतास!" "हो जी." "खोटं?" "खोटंच जी." मग त्यानं जे सांगितलं ते मी शब्दशः देतो, कारण मला ते आता पाठ आहे. "काकाजी, एकटा हाय म्हटलं का तुमचा आवाज बरा होये. एकडाव मी खरं सांगलो होतो तुमाले. म्हटलं, दुसरा सोबतीले दिसून राहिला. तं तुमी म्हटलं, नीट पाय, बगळा असन. आता शेतात जन्म गेला माझा, मले सारस आन् बगळा समजत नाही का? पण जो माणूस सारसाले बगळा म्हणते, त्याले का सांगू मी?"

मला आठवलं. खरंच आठवलं! मी खुर्चीत बसलो होतो, फोन कानाला होता, आणि मी म्हणालो होतो, नीट पाहा रे, बगळा असेल. चौतीस वर्षं ज्यानं पुराव्याची पूजा सांगितली त्यानं, तळ्याकाठी उभ्या असलेल्या डोळस माणसाला, शहरातल्या खुर्चीतून सांगितलं की तुला दिसतं ते चूक. आणि त्या बिचाऱ्यानं माझी कीव करून वर्षभर दर रविवारी एक खोटं पाठवलं, घरच्या भाजीसारखं ताजं. मला राग यायला हवा होता. तो आलाच नाही. उलट हसू फुटायला लागलं आणि ते दाबायला मी तोंडावर हात धरला, कारण मोजणी चालू होती. तेवढ्यात ते दोघे ओरडले. एकानं मान आकाशाकडे करून एक लांब साद घातली आणि ती संपायच्या आत दुसऱ्यानं दोन आखूड हाका तिच्यात बसवल्या, परत एक लांब, परत दोन आखूड, आणि सगळी बोडी त्या आवाजानं भरून गेली. चार वर्षांपूर्वी तो ओरडून थांबायचा आणि ऐकायचा, ती जागा आता भरलेली होती. मग गीता आठवली. दुःखात आठवते तशी नाही, तर पिवळ्या शालूत, हातात धान घेऊन, याच पाळीवर, एकोणीस वर्षांची.

आमच्या लग्नाचा दिवस. मी नवीन नवीन मास्तर, हातात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ. बाप मागे उभा राहून सांगत होता, पोरी, हा जीव एकदाच जोडी करतो. गीता आमगावकडची, तिच्या बापाचीही भाताचीच शेती. ती हळूच मला म्हणाली, "आमच्या बांधीत एक मेली होती. दोन सालानं तो दुसरी घेऊन आला." बांधी म्हणजे शेताचा तुकडा, एवढं तिला मला सांगावं लागलं नाही. पण मी तिला सांगितलं, "असं होत नाही." लग्नाला अजून एक दिवसही झाला नव्हता. ती म्हणाली, "मी पाहिलं ना जी." मी म्हणालो, "पाहण्यात चूक झाली असेल." तिनं माझ्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "असन." आणि ओंजळ उघडून धान टाकलं. त्या 'असन'मध्ये तिचा अख्खा संसार होता. आमच्या पुढच्या सदतीस वर्षांतली निम्मी भांडणं तिनं त्याच एका शब्दावर मिटवली, आणि मी दर वेळी जिंकलो असं समजत राहिलो. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! जे तथ्य मला हवं होतं ते लग्नाच्याच दिवशी, डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदारानं माझ्या हातावर ठेवलं होतं, आणि मी त्यावर लाल फुली मारली होती. आता गीतानं त्या वाक्यातून मला परवानगी दिली, असं मी म्हणणार नाही. ती सारसाबद्दल बोलत होती, माझ्याबद्दल नाही, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं घालणं यासारखं असत्य नाही. पण ती आता असती तर मला हसली असती, एवढं मी सत्याच्या रकान्यात टाकायला तयार आहे. मी हसलो. मोठ्यानं. समोरच्या दोघांनी माना वळवल्या आणि दुर्गेश "सर, सर, गणती!" म्हणत राहिला.

कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही घेताना त्यानं विचारलं, "वैसे सर, तुमच्या मते? तोच का?" माझ्या मते, असं आजवर कोणी विचारलं की मी पुरावा मागायचो. डाव्या पायानं दबकणारा तो आता दुसरीच्या मागे मागे चिखलातून चालला होता. "माझ्या मते," मी म्हणालो, "तोच." आणि मत असण्यात इतकी मजा असते हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. "आता गाडी काढ," मी म्हणालो, "आणि माझ्या गल्लीपर्यंत थांबू नकोस." योगराजनं वाटेपर्यंत सोडलं. "रागावले का जी?" मी म्हणालो, "पुढच्या रविवारी फोन करीन. तेव्हा खरं सांग." परतीच्या रस्त्यावर ऊन तोंडावर येत होतं, दुर्गेशचा शर्ट फडफडत होता, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. एकही धड जुळत नव्हतं. दर वळणावर वाटायचं, गाडी गेली असेल, ट्रंक गेली असेल. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं होणार, मी दारात पोचणार आणि समोर कुलूप. ही भीतीसुद्धा कालच्यासारखी नव्हती. हिच्यात पळायला मागे जागाच नव्हती, आणि त्यामुळं मी बसल्या जागी पुढंच वाकत होतो. दुर्गेश म्हणाला, "सर, ढकलून गाडी जोरात नाही जात."

गल्लीत जीप उभी होती. प्रेमिलाबाईंचा भाऊ इंद्रकुमार ट्रंक जीपच्या टपावर चढवून दोरी बांधत होता. त्या खाली उभ्या, हातात तुळशीची कुंडी. मी स्कूटरवरून उतरलो आणि उतरताना चप्पल तिथंच राहिली. पायाला चिखल, विजारीला धसकटं. "काऊन जी गुरुजी," त्या म्हणाल्या, "कोणी मागे लागलं होतं का?" मी म्हणालो, "बुधवारचं माझं उत्तर चुकलं." त्यांनी कुंडी दुसऱ्या हातात घेतली. "कोणतं?" त्यांना माहीत होतं कोणतं. मी सांगितलं, "सारस दुसरी जोडी करतो. आज पाच वाजून चाळीस मिनिटांनी, बोडीवर, तीन साक्षीदारांसमक्ष. एक साक्षीदार हा." दुर्गेशनं मान हलवली. प्रेमिलाबाईंनी कुंडीतली माती अंगठ्यानं दाबली. मग म्हणाल्या, "ते सारसाचं झालं जी. मी सारसाचं विचारलं नव्हतं."

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. इंद्रकुमार टपावरून म्हणाला, "दीदी, चलना है कि नहीं? धूप हो रही है." माझ्याजवळ आता एकही पक्षी उरला नव्हता. मी म्हणालो, "तुम्ही जाऊ नका." "हे कोणत्या रकान्यातलं?" "कोणत्याच नाही. विनंती आहे." आवाज माझा वाटत नव्हता, वर्गातला तर मुळीच नाही. "गुरुवारपासून पेपर उघडला नाही. दोन कप चहा करतो आणि दोन्ही पितो. मला तुम्ही इथं हव्या आहात, प्रेमिलाबाई. रोज. रीतसर. लोक काय म्हणायचं ते म्हणोत." हे बोललो आणि मला इतकं हलकं वाटलं की वाटलं आता त्या नाही म्हणाल्या तरी चालेल. लगेच वाटलं, नाही चालणार. त्या म्हणाल्या, "लिहून द्या." मी चष्म्याची डबी काढली. तिच्यातून तो पेपरच्या कडेचा तुकडा काढला. त्यांचं वाक्य जसंच्या तसं होतं. जीपच्या बॉनेटवर ठेवून, खिशातल्या लाल पेनानं, चौतीस वर्षांच्या सवयीनं मी त्याच्यापुढं अशी काही बरोबरची खूण केली की कागद फाटून पेन पत्र्याला लागलं. इंद्रकुमार "अरे, अरे, रंग!" म्हणून ओरडला.

प्रेमिलाबाईंनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला, आणि पदराच्या गाठीत बांधला. मग वर पाहून म्हणाल्या, "इंदर, दोरी सोड. ट्रंक समोरच्या घरात ठेव." त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. माझेही भरले होते. तुळशीची कुंडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि माझ्या घराच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या.

"एक सांगून टाकते जी आधीच. आता रोजचंच झालं तं लपवून का करू?"

"काय?"

"तो तुमचा चहा. तीन साल चांगला झाला, चांगला झाला म्हणत होती ना मी," त्या म्हणाल्या, "ते खोटं होतं." आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरून साखरेचा डबा कुठं आहे ते शोधू लागल्या.